सवलत गुणांत नको, वेळापत्रकात द्या

प्रति,
मा. कुलगुरू,
महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक



आपल्याकडे परिचारिकेला पदवीनंतर परवान्याची वेगळी परीक्षा द्यावी लागत नाही. बी.एस्सी. नर्सिंगची आठही सत्रे पास झालो, क्लिनिकलचे तास भरले, की कागदपत्रे महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे जातात. तिथून नोंदणी क्रमांक येतो आणि नावापुढे आर.एन., आर.एम. (नोंदणीकृत परिचारिका, नोंदणीकृत सुईण) लागते. म्हणजे आपण घेता तीच आमची परवान्याची परीक्षा. म्हणून हे पत्र परिषदेला न लिहिता आपल्याला लिहीत आहे.

मी कळंबोलीत राहते. सातव्या सत्रात शिकते. मुलगा पहिलीत आहे. नवरा स्टील मार्केटमध्ये माथाडी कामगार आहे. तिथे काम टोळीवर चालते, गाडी लागली की माल उतरवावा लागतो. टोळीतला माणूस घरी थांबला, तर त्या दिवसाची मजुरी गेली. आमच्या वर्गात बहुतेक मुली बारावीनंतर थेट आलेल्या आहेत. पण या अभ्यासक्रमाला वयाच्या पस्तीस वर्षांपर्यंत प्रवेश मिळतो, त्यामुळे लग्न झालेल्या, मूल असलेल्या, आजारी सासऱ्यांचे करणाऱ्या अशाही काहीजणी असतात. प्रवेशाचा नियम आम्हाला आत घेतो. पुढचे सगळे नियम मात्र वसतिगृहात राहणारी, घरी कोणी वाट पाहत नसलेली मुलगी डोळ्यांपुढे ठेवून केल्यासारखे वाटतात.

नियम आपल्याला पाठ आहेत; मी ते वाचकांसाठी सांगते. भारतीय परिचर्या परिषदेच्या 2021च्या अभ्यासक्रमानुसार एक सत्र वीस आठवड्यांचे असते आणि आठवड्याला किमान चाळीस तास भरावे लागतात. परीक्षेला बसायचे तर प्रत्येक विषयाच्या थिअरीत आणि प्रॅक्टिकलमध्ये 80 टक्के हजेरी हवी. पदवी मिळण्याआधी प्रत्येक क्लिनिकल विभागात हजेरी 100 टक्के झालीच पाहिजे. आठवे सत्र पूर्ण इंटर्नशिपचे असते, 22 आठवडे, दर आठवड्याला 48 तास. याखेरीज केअर प्लॅन, केस स्टडी, लॉगबुक आणि हेल्थ टॉकची तयारी घरी करायची असते. सिडकोच्या छोट्या घरात ती जेवणे उरकून, भांडी घासून झाल्यावरच होते.

शंभर टक्क्यांचा नियम मला मान्य आहे. ज्या मुलीने प्रसूतिकक्षात पुरेसे दिवस काढले नाहीत, तिच्या हाती माझी बाळंतपणाला आलेली बहीण मी देणार नाही. तक्रार शंभर टक्क्यांची नाही. ते पुरे करायला एकच वाट ठेवली आहे, तिची आहे.

सकाळचेच पाहा. राज्य सरकारने फेब्रुवारी 2024 मध्ये आदेश काढला की पूर्व प्राथमिक ते चौथीच्या मुलांची शाळा नऊच्या आधी भरवू नये, मुलांची झोप व्हायला हवी. निर्णय चांगला आहे. पण वॉर्डातली मॉर्निंग ड्युटी सात-आठला सुरू होते. मधले एक-दोन तास मूल कोणी सांभाळायचे, याचे उत्तर त्या आदेशात नाही आणि आमच्या ड्युटी शीटवरही नाही. माझ्या बाबतीत ते उत्तर शेजारच्या काकू आहेत. त्या गावी गेल्या की माझी ड्युटी शॉर्ट पडते.

पोस्टिंग जवळ असले तर कसेबसे जमते. मानसोपचाराचे पोस्टिंग ठाण्याच्या मनोरुग्णालयात लागले की मानसरोवर किंवा खांदेश्वर स्टेशन गाठून ठाण्याची लोकल धरायची. सामुदायिक आरोग्याचे पोस्टिंग नेरे किंवा वावंजे अशा प्राथमिक आरोग्य केंद्रात लागते. तिथे जायला कळंबोली सर्कलच्या ट्रकांच्या रांगेतून निघावे लागते. हे शिकलेच पाहिजे. पण कुठे आणि केव्हा जायचे हे आठवडाभर आधीही कळत नसेल, तर घर लावायचे कसे?

आमच्या कॉलेजात एकीला सहाव्या सत्रात बाळ झाले. तिने किती रजा घ्यावी, राहिलेली ड्युटी केव्हा भरावी, परीक्षेला बसता येईल की नाही, याची प्रत्येक टेबलावर वेगवेगळी उत्तरे मिळाली. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर 2021 मध्ये सर्व विद्यापीठांना पत्र पाठवून, पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थिनींना बाळंतपणासाठी हजेरीत आणि परीक्षा अर्जाच्या मुदतीत सवलत देणारे नियम करायला सांगितले होते. नर्सिंगच्या विद्यार्थिनीला यातले नेमके काय लागू होते, ते एका पानावर, मराठीत, प्रत्येक कॉलेजच्या नोटीस बोर्डावर लागलेले असावे.

पाळणाघराचेही असेच. प्रसूती लाभ कायद्यातल्या 2017च्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघर बंधनकारक झाले. मोठी रुग्णालये त्यात येतात. पण तो हक्क कर्मचाऱ्यांचा. आम्ही त्याच वॉर्डात बेड लावतो, इंजेक्शने देतो, रात्रपाळी करतो. मात्र कागदावर विद्यार्थी असल्यामुळे आमचे मूल त्या पाळणाघरात बसत नाही.

आता कोणी म्हणेल, शिस्त सैल केली तर दर्जा घसरेल. अमेरिकेत नोकरी करण्यासाठी द्यावी लागणारी एनक्लेक्स परीक्षा पाहू. किमान 85 आणि जास्तीत जास्त 150 प्रश्न, वेळ पाच तास. उत्तर बरोबर आले की संगणक पुढचा प्रश्न अधिक कठीण देतो. ही परीक्षा सोपी आहे असे कोणीच म्हणत नाही. पण तिची तारीख आणि केंद्र उमेदवार स्वतः निवडते आणि नापास झाली तर 45 दिवसांनी पुन्हा बसू शकते. कठीण परीक्षा आणि सोयीची तारीख एकत्र नांदतात. आपल्या परीक्षा उन्हाळी आणि हिवाळी अशा दोन हंगामांत होतात. पेपरच्या दिवशी मूल दवाखान्यात असले, तर आईला पुढच्या हंगामाची वाट पाहावी लागते. नोंदणी लांबते, नोकरी लांबते, शैक्षणिक कर्जाचे व्याज मात्र थांबत नाही.

राज्य सरकारला परिचारिका हव्या आहेत, परदेशी पाठवायलाही हव्या आहेत. फेब्रुवारी 2024 मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार झाला, त्यात परिचारिकाही आहेत. तिथे मान्यता मिळायची तर आधी जर्मन भाषेची परीक्षा द्यायची आणि शिक्षण कमी पडले तर पुन्हा ज्ञानाची परीक्षा. कळंबोलीतल्या मुली स्वयंपाक करताना फोनवर जर्मन क्रियापदे घोकतात. त्यांच्या जिद्दीविषयी शंका नको. इथली पदवी वेळेत हाती पडली, तर पुढच्या परीक्षा त्या देतील.

आणि शिकणाऱ्या स्त्रीची सोय पाहणे ही काही नवी गोष्ट नाही. रमाबाई रानडे यांनी 1909 मध्ये पुण्यात सेवासदन सुरू केले. तिथल्या स्त्रिया ससून रुग्णालयात नर्सिंग शिकू लागल्या, त्यात विधवा होत्या, संसाराच्या जबाबदाऱ्या असलेल्याही होत्या. सेवासदनने त्यांना केवळ शिका असे सांगितले नाही, राहण्याची सोयही केली. ज्या स्त्रीला शिकवायचे तिच्या घराचा विचार आधी करायचा, हे तेव्हाच कळले होते.

म्हणून चार मागण्या.

पहिली, परीक्षेचे वेळापत्रक किमान दोन महिने आधी जाहीर करावे आणि क्लिनिकल पोस्टिंगचा तक्ता किमान महिनाभर आधी देणे कॉलेजांना बंधनकारक करावे.

दुसरी, राहिलेली ड्युटी भरून काढण्यासाठी महिन्यातले ठरावीक शनिवार-रविवार राखून ठेवावेत. दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक लागतो, एकेकीसाठी शिक्षक कुठून आणायचा, हा प्राचार्यांचा प्रश्न रास्त आहे. सगळ्या बॅचच्या राहिलेल्या ड्युट्या त्या दिवशी एकत्र लावल्या, तर एक शिक्षक पुरतो.

तिसरी, बाळंतपण, स्वतःचे किंवा मुलाचे रुग्णालयात दाखल होणे, अशा कारणांनी पेपर हुकला तर कागदपत्रे तपासून त्याच हंगामात, काही आठवड्यांत फेरपरीक्षा घ्यावी.

चौथी, संलग्नतेसाठी आपली स्थानिक चौकशी समिती कॉलेजात येते तेव्हा खाटा, प्रयोगशाळा, ग्रंथालयातली पुस्तके मोजते. त्या यादीत दोन ओळी वाढवाव्यात. विद्यार्थिनींच्या मुलांना रुग्णालयाच्या पाळणाघरात जागा आहे का? रात्री आठनंतर अभ्यासिका उघडी असते का?

यातल्या एकाही मागणीत उत्तीर्ण होण्याची मर्यादा कमी करा असे म्हटलेले नाही. पेपर तितकेच कठीण असू द्या, तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक तितकेच कठोर असू द्या. आम्हाला नापास करायचे असेल तर आमच्या अज्ञानासाठी करा, शेजारच्या काकू गावी गेल्या म्हणून नको.

पुढच्या शैक्षणिक वर्षाच्या परिपत्रकात यातली निदान पहिली मागणी मान्य झालेली दिसावी, ही विनंती. तिला एक पैसाही खर्च नाही.

आपली,
बी.एस्सी. नर्सिंगची एक विद्यार्थिनी
कळंबोली, ता. पनवेल, जि. रायगड