क्रीडा व्यवस्थापनाची पदवी हवी, पण कुठल्या मैदानासाठी?

संपादक महोदय,


आपल्या करिअर पुरवणीतला क्रीडा व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर शिक्षणावरचा लेख वाचला. आयपीएल, प्रो कबड्डी, प्रायोजक, खेळाडूंचे करार, थेट प्रक्षेपण असे सगळे त्यात आहे. वाचून एखाद्या पोराला वाटावे, पदवी हातात पडली की वानखेडेच्या बॉक्समधली खुर्ची आपलीच. ही पदवी घेतलेली माणसे महाराष्ट्राला हवीत आणि ताबडतोब हवीत, याबद्दल माझे दुमत नाही. पण त्यांची सर्वांत जास्त गरज जिथे आहे, त्या जागांचा लेखात उल्लेखही नाही आणि माझ्या पाहण्यातल्या अभ्यासक्रमांतही त्यांना जेमतेम एखादे प्रकरण मिळते. नगरपालिकेचा जलतरण तलाव, तालुक्याचे क्रीडा संकुल आणि विकास आराखड्यात ‘खेळाचे मैदान’ म्हणून आरक्षित असलेला आपापल्या वॉर्डातला भूखंड, या त्या जागा.

‘खेळ चालवायला डिग्री कशाला? आम्ही इतकी वर्षे मंडळ चालवतोच आहोत,’ हे कबड्डी-खो-खोच्या वर्तुळात हमखास ऐकू येते. पदरमोड करून मैदान आखणाऱ्या, पाहुण्या संघाला घरी जेवू घालणाऱ्या कार्यकर्त्यांबद्दल मला आदर आहे. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून उभे आहे ते अशाच ध्यासातून. पण त्या काळी मंडळाचा कारभार एका वहीत मावत असे. आता काय होते पाहा. डिसेंबर 2012 मध्ये भारतीय ऑलिम्पिक संघटना निलंबित झाली, ऑगस्ट 2022 मध्ये फिफाने फुटबॉल महासंघाला निलंबित केले, पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये कुस्ती महासंघाची पाळी आली. त्यामुळे बेलग्रेडच्या जागतिक स्पर्धेत कुस्तीपटू अंतिम पंघालला तिरंग्याविना, तटस्थ खेळाडू म्हणून उतरावे लागले आणि कांस्यपदक जिंकूनही ते देशाच्या नावावर लागले नाही. या तिन्ही प्रकरणांत खेळाडूंचा काडीचाही दोष नव्हता. घोळ होता निवडणुकीचा, घटनेचा, बाहेरच्या हस्तक्षेपाचा. म्हणजे सगळा कचेरीतला.

2025 च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने तर हे काम आणखी वाढवले आहे. महासंघाच्या कार्यकारिणीत जास्तीत जास्त 15 जण, त्यांत किमान चार महिला आणि दोन नामवंत खेळाडू. शिवाय तक्रार निवारणाची व्यवस्था, महिला व अल्पवयीन खेळाडूंच्या सुरक्षिततेचे धोरण. आज ना उद्या हे राज्य आणि जिल्हा संघटनांपर्यंत झिरपणारच. तेव्हा कागद कोण करणार? मानद सचिवांचा ओळखीचा वकील?

बी.पी.एड., एम.पी.एड. झालेले आहेतच की, असे कुणी म्हणेल. मी स्वतः त्यांतलीच. शाळेत मला सगळे ‘पीटीच्या बाई’ म्हणत. पण हे अभ्यासक्रम शिक्षक घडवण्यासाठी आहेत, त्यांना मान्यता देते तीही राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद. मला शिट्टी कधी वाजवायची ते शिकवले गेले. दहा वर्षांनी मैदानाचा निचरा बिघडला तर पैसे कुठून उभे करायचे, हे कुणी शिकवले नाही. जिल्हा क्रीडा कार्यालयातही वर्षातला बराच काळ शालेय स्पर्धा आणि दहावी-बारावीच्या ग्रेस गुणांचे प्रस्ताव यांतच जातो.

आता पालिकेकडे येते. तालुका तिथे क्रीडा संकुल हे राज्याचे धोरण 2003 पासूनचे आहे. फीत कापली जाते, फोटो येतो, पुढच्या वर्षी बॅडमिंटन हॉलचे पत्रे गळतात. बांधायला निधी असतो, चालवायला माणूस नसतो. ओपन जिमचे तेच. फंड आला, साहित्य बसवले, आज त्या गंजलेल्या दांड्यांवर लोक टॉवेल वाळत घालतात. जलतरण तलाव ठेकेदाराला चालवायला देण्याची पद्धत सर्रास आहे. ठेका देण्याला माझा तत्त्वतः विरोध नाही. पण मी पाहिलेली एक निविदा (गावाचे नाव सांगत नाही) फरशीच्या जाडीपर्यंत चोख होती. मुलींची बॅच कितीला, पाण्यातला क्लोरीन दिवसातून किती वेळा तपासायचा, एका बॅचला जीवरक्षक किती, पालिका शाळेच्या मुलांना फी किती, यांपैकी काहीच त्यात नव्हते. ती बांधकाम विभागाने लिहिली होती, आणि अभियंत्याला जे येते ते त्याने लिहिले. त्याला कसा दोष द्यावा? हे प्रश्न ज्याला आपोआप सुचतील असा माणूस पालिकेच्या आस्थापनेवरच नव्हता. दिवाळीच्या फटाका स्टॉलला, लग्नाला, सभेला मैदान दिल्यावर खड्डे बुजवण्याची अनामत किती घ्यायची, हेही अशा माणसाचेच काम. सुट्टीत पोरे मोबाइल घेऊन बसतात म्हणून आपण त्यांना बोल लावतो, आणि मैदानाच्या फाटकाला कुलूप असते.

अमेरिकेत या शिक्षणाची सुरुवात व्यावसायिक खेळातूनच झाली. बेसबॉलच्या डॉजर्स संघाचे मालक वॉल्टर ओ’मॅली यांनी 1957 मध्ये जेम्स मेसन या प्राध्यापकांकडे अशा शिक्षणाची कल्पना मांडली आणि 1966 मध्ये ओहायो विद्यापीठात पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. पण तिथल्या शहरांत उद्याने आणि करमणूक यांचे स्वतंत्र खाते असते, आणि अनेक विद्यापीठे क्रीडा प्रशासनासोबत तेही शिकवतात. विद्यार्थी त्या खात्यात उमेदवारी करतात आणि पुढे नोकरीही तिथेच शोधतात. आपण तिकडचे घेतले ते फक्त लीगचे.

म्हणून मागणी सरकारकडे आहे. बालेवाडीच्या आंतरराष्ट्रीय क्रीडा विद्यापीठाचा कायदा विधिमंडळाने डिसेंबर 2020 मध्ये संमत केला. तिथल्या क्रीडा व्यवस्थापनाच्या पदवीत किमान एक सत्र पालिकेच्या तलावावर किंवा तालुका संकुलात काढणे सक्तीचे करावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे महापालिका व नगरपालिकांच्या सेवाप्रवेश नियमांत क्रीडा व्यवस्थापकाचे पद घालावे आणि त्याला ही पदवी ग्राह्य धरावी. पद नसताना पदव्या वाटणे ही पोरांची फसवणूक आहे. डी.एड.च्या वेळी हे आपण पाहिले. कॉलेजे निघाली, भरती थांबली, मुले घरी बसली.

आणि जे विद्यार्थी प्रवेशाच्या विचारात आहेत त्यांना एक सांगते. आधी वर्ष-दोन वर्षे एखाद्या क्लबात, जिल्हा संघटनेत पडेल ते काम करा. वयाचे दाखले तपासा, ॲम्ब्युलन्स ठरवा, स्पीकरची परवानगी काढा. त्यानंतरही गोडी टिकली तर फी भरा. भरण्याआधी संस्थेला मागच्या तुकडीतली मुले आज नेमकी कुठे आहेत ते विचारा, आणि ‘इंटर्नशिप’ म्हणजे स्पर्धेच्या दिवशी पाण्याच्या बाटल्या वाटणे तर नव्हे ना, हेही. कर्ज काढून अमेरिकेला निघालेल्यांनी ध्यानात ठेवावे की हा विषय सहसा तिथल्या विज्ञान-तंत्रज्ञानाच्या यादीत बसत नाही. त्यामुळे शिक्षणानंतर कामाची मुभा तीन वर्षांऐवजी 12 महिनेच मिळते. घर गहाण ठेवण्याआधी हा हिशेब मांडलेला बरा.

आपल्या पुरवणीलाही एक विनंती. पुढच्या वेळी अभ्यासक्रमांच्या यादीशेजारी, महाराष्ट्रातल्या महापालिकांत ही पदवी चालेल अशी मंजूर पदे किती आहेत, तीही यादी छापा.

आपली,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका, सातारा