रंगांचे कोष्टक

इंग्रजी विषय घेऊन बी. ए. करणाऱ्या आपल्या मुलामुलींच्या हाती जी परीक्षा-मार्गदर्शके पडतात, त्यांत ‘द ग्रेट गॅट्सबी’ या कादंबरीच्या रंगप्रतीकांचे एक कोष्टक हमखास सापडते. हिरवा म्हणजे आशा, पांढरा म्हणजे पावित्र्य, पिवळा म्हणजे भ्रष्टता, करडा म्हणजे निराशा. पाठ करावे, उत्तरपत्रिकेत उतरवावे, गुण घ्यावेत. एफ. स्कॉट फिट्झजेराल्ड यांची ही कादंबरी १९२५ साली प्रसिद्ध झाली. पैसा आणि प्रतिष्ठा यांतील दरी हा तिचा विषय, आणि हे कोष्टक नेमकी तीच दरी बुजवून टाकते, असा माझा आक्षेप आहे.

रंगाला ठरलेला अर्थ असतो तो उपासनेत. आगमनकाळी व प्रायश्चित्तकाळी जांभळा, रक्तसाक्षींच्या सणाला तांबडा, सामान्य काळात हिरवा, हे ख्रिस्तसभेने ठरविले आहे. मोठ्या शहरातील कॅथेड्रलमध्ये आणि आडगावच्या लहानशा प्रार्थनामंदिरात त्या हिरव्याचा अर्थ एकच. धर्मगुरू कोणत्या घरचा, हे त्या वस्त्रावरून कळत नाही. बाजारातला रंग मात्र निराळे बोलतो, आणि गॅट्सबीची माणसे बाजारात राहतात.

सांगोल्याच्या डाळिंब बागायतदाराला हे शिकवावे लागत नाही. ‘भगवा’ हे त्याच्याकडे एका वाणाचे नाव आहे. सभामंचावर त्या शब्दाला कितीही अर्थ चिकटोत, आडतीत प्रश्न एवढाच की साल किती तांबडी, दाणा किती लाल आणि दर काय. तेल्याचा काळपट डाग पडला की दाणा गोड असूनही फळाची प्रत उतरते. तो डाग पाहून तेथे कोणाला प्रतीक सुचत नाही. कर्जाचा हप्ता आठवतो.

या नजरेने कादंबरी उघडावी. गॅट्सबीने अमाप पैसा मिळविला, महाल घेतला, मेजवान्या दिल्या. तरीही ज्याच्या घरी पैसा पिढ्यान्‌पिढ्या आहे तो टॉम ब्युकॅनन त्याला एका गोष्टीवरून धुडकावतो : हा ऑक्सफर्डला शिकलेला असूच शकत नाही, कारण हा गुलाबी सूट घालतो! कोष्टकात गुलाबीला जागाच नसते बहुधा. मर्टल विल्सन ही गॅरेजवाल्याची बायको. शहरात आल्यावर ती चार टॅक्सी सोडून देते आणि फिक्या जांभळ्या रंगाची पाचवी निवडते. घटकाभराची श्रीमंती तिला रंग पाहून विकत घ्यावी लागते. डेझीचा पांढरा वेशही असाच पाहावा. तिच्या वाट्याला कष्ट नाहीत, म्हणून तो मळत नाही. दुष्काळी तालुक्यात धुण्याला पाणी मोजून वापरणाऱ्या घरांना हे पावित्र्याच्या आधी समजते. मर्टलच्या नवऱ्याच्या अंगावर मात्र राखेचा थर आहे.

हिरव्या दिव्याचे काय, असे कोणी विचारील. तो आशेचा आहे, मान्य. पण तो डेझीच्या खाजगी धक्क्यावर, खाडीच्या पलीकडच्या, जुन्या श्रीमंतांच्या काठावर जळतो. गॅट्सबीला समोरचा काठ विकत घेता आला, तो नाही. ही गोष्ट उत्तरात येत नसेल, तर नुसत्या आशेला काय करायचे?

संत याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय आपण मिस्सामध्ये ऐकतो. सभेत एक जण सोन्याची अंगठी आणि झगझगीत वस्त्रे घालून येतो, दुसरा मळक्या कपड्यांत. कोणाला कोठे बसविता, असे संत याकोब विचारतात. फिट्झजेराल्ड यांचा बाप्तिस्मा कॅथोलिक होता. हा अध्याय त्यांच्या मनात होता असा माझा दावा नाही. परंतु तो ऐकणाऱ्या घरांतील मुलांना टॉमचा तुच्छतेचा सूर ओळखता यावा, ही अपेक्षा जास्त नाही.

परीक्षकांना माझी सूचना आहे. पुढच्या वेळी त्या मोटारीवर प्रश्न घालावा. कथा सांगणाऱ्या निकला ती साईच्या रंगाची दिसते. अपघातानंतर एक साक्षीदार पोलिसाला फिकट हिरवी सांगतो, तर दुसरा, एक कृष्णवर्णीय गृहस्थ, ठामपणे पिवळी म्हणतो. मर्टल तिच्याखाली मरते. चालवीत असते डेझी. मर्टलच्या नवऱ्याला गाडीच्या मालकाचे नाव टॉम सांगतो, आणि गोळी गॅट्सबीला लागते. ब्युकॅनन पतिपत्नी सामान बांधून निघून जातात. येथे पिवळ्याचा अर्थ काय आणि तो कोणाला भोवला, हे विद्यार्थ्याने कोष्टकाविना लिहावे.