लाटांची वीज: फीत कापा, पण आकडेही दाखवा

मंडळी, लाटांपासून वीज म्हटलं की आपल्या एमआयडीसीत प्रश्न येतो, 'इथं कुठाय समुद्र?' समुद्र नाही, पण यंत्र ओळखीचं आहे. लाटेवर फ्लोट वर-खाली होतो, हायड्रॉलिक सिलिंडर दाबला जातो, त्या दाबावर जनरेटर फिरतो. हायड्रॉलिकचं काम भोसरी-चाकणला नवीन नाही.

२०२५ मध्ये भारत पेट्रोलियमने इस्रायलच्या इको वेव्ह पॉवरशी मुंबईतल्या १०० किलोवॅटच्या प्रायोगिक प्रकल्पासाठी करार केला. एवढ्या विजेवर एखादा मोठा कारखानाही चालणार नाही. इथली खरी कमाई म्हणजे माहिती. किती युनिट निघाली? खाऱ्या पाण्याने काय गंजलं? दुरुस्तीला किती गेले?

केरळात विळिंजमला १९९१ मध्येच १५० किलोवॅटचा प्रकल्प उभा राहिला होता, पुढे बंद पडला. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या सागरी ऊर्जा गटात सदस्य देश दरवर्षी आपली प्रगती मांडतात. भारतही त्यात आहे. मग तोच हिशोब घरच्या लोकांनाही मिळायला नको?

माझं म्हणणं सरळ आहे: मुंबईचे आकडे दर महिन्याला, मराठीत जाहीर करा. काय टिकतं आणि काय गंजतं हे कळलं, तरच भोसरीचा छोटा कारखानदार त्या ऑर्डरसाठी उभा राहील. नाहीतर पार्ट बाहेरून येतील, आपण फक्त फोटो बघू. आपल्या उद्योजक संघटनांनी ही मागणी लावून धरावी. तुम्हाला काय वाटतं?