लिहिले सर्वांनी, मालक कोण?

गेल्या वर्षी आम्ही पाच मित्रांनी मिळून विभागाच्या ग्रंथालयासाठी पुस्तकांच्या देवघेवीची नोंद ठेवणारी एक संगणकप्रणाली तयार केली. काम झकास झाले. शेजारच्या एका महाविद्यालयाने ती मागितली, तेव्हा सरांनी साधाच प्रश्न केला, "ही तुमच्यापैकी कोणाची?" आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. पाचांतला एक जण नोकरीसाठी परगावी गेला होता, आणि त्याने लिहिलेला भाग वगळला तर प्रणाली चालत नव्हती. ती अजून तशीच पडून आहे.

मित्रहो, मुक्त म्हणजे फुकट आणि फुकट म्हणजे बेवारशी, असा आपल्यातील अनेकांचा समज आहे. कायद्याला तो मान्य नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ साली दुरुस्ती झाली आणि संगणकाचा प्रोग्राम साहित्यकृतींत जमा झाला. कथा लिहिताच जसा लेखकाचा हक्क जन्मास येतो, तसाच इथेही. नोंदणीची गरज नाही. लेखकाच्या पश्चात साठ वर्षे तो टिकतो. तेव्हा परवानगी लिहून न देणे म्हणजे ती नाकारण्यासारखेच. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८९ मध्ये जो जीपीएल परवाना आणला, तो हक्क सोडून देत नाही. उलट हक्काच्या बळावरच अट घालतो: वापरा, बदला, वाटा. मात्र वाटताना पुढच्यालाही हीच मोकळीक द्या.

व्हीएलसी आपल्या परिचयाचे आहे. पॅरिसच्या एकोल सांत्राल या संस्थेतील विद्यार्थ्यांनी १९९६ मध्ये त्याचा आरंभ केला. २००१ मध्ये संस्थेच्या संमतीने ते जीपीएलखाली खुले झाले. पुढे त्याच्या गाभ्याचा परवाना सौम्य करायचे ठरले, तेव्हा २०११-१२ मध्ये विखुरलेल्या शेकडो लेखकांना गाठून एकेकाची संमती घ्यावी लागली. कारण प्रत्येक ओळीचा मालक वेगळा!

यावर कोणी म्हणेल, सर्वांचे हक्क एकाच संस्थेच्या नावे करावेत, कटकट मिटेल. मिटेल खरी, पण किल्लीही एकाच्याच हाती जाईल. टेराफॉर्मच्या कंपनीने बाहेरच्यांचे योगदान घेताना करार करून घेतले होते. २०२३ मध्ये तिने एकतर्फी परवाना बदलला. आधीची आवृत्ती खुलीच होती, म्हणून इतरांना त्यावरून ओपनटोफू उभारता आले. लिनक्सचा मार्ग मला अधिक न्याय्य वाटतो. तेथे हजारोंचा हक्क ज्याचा त्याच्याकडेच आहे, परवाना मात्र सर्वांना एकच. २००४ पासून प्रत्येक जण भर घालताना सहीनिशी ग्वाही देतो की, हे माझे आहे किंवा देण्याचा मला अधिकार आहे. याने परवाना बदलणे अवघड होते, हे खरे. पण सर्वांच्या श्रमाची वस्तू एकाच्या मर्जीने बदलू नये, यातच तिचे रक्षण आहे.

आपल्या महाविद्यालयात भित्तिपत्रकापासून एकांकिकेपर्यंत सारे मिळून होते. मिळून केलेल्या कामाचा कागद पहिल्याच दिवशी, मैत्री ताजी असताना लिहावा. त्यात अविश्वास नाही. मागून येणाऱ्यांची सोय आहे. आमच्या त्या मित्राचा पत्ता नुकताच मिळाला. पत्र लिहायला घेतले आहे.

— एक विद्यार्थी, तृतीय वर्ष कला