मांडवाच्या मागच्या बाजूला



लग्नसराई सुरू झाली की सोलापुरात होटगी रोडला जा, विजापूर रोडला जा, अक्कलकोट रोडला जा, रात्री सगळीकडे दिव्यांच्या माळा दिसतात. मंगल कार्यालयं तर पूर्वीही होती. बदल झालाय तो दुसराच. पूर्वी घरात लग्न ‘निघायचं’, आता ते ‘दिलं’ जातं. मांडव, फुलं, जेवण, हळदीची पिवळी सजावट, मेंदी, फोटो, नवरीच्या एंट्रीचा धूर, सगळं एकाच माणसाच्या हवाली. तो इव्हेंटवाला. पुष्कळदा ती इव्हेंटवाली असते, पंचविशी-तिशीतली, दोन फोन सांभाळणारी मुलगी. तिचं गिऱ्हाइकाला सांगणं एकच असतं: तुम्ही निवांत या, आनंदात राहा, बाकीचं आमच्यावर सोडा.

या वाक्याची चेष्टा करायला मी हे लिहीत नाही. आपल्यातल्या बऱ्याच जणी ‘बाजारीकरण’ हा शब्द उच्चारून मोकळ्या होतील. पण जरा जुनी लग्नं आठवा. मुलीच्या डोक्यावर अक्षता पडत होत्या तेव्हा तिची आई कुठे होती? कोठीत. कमरेला किल्ल्या, साखर किती उरली याचा हिशेब, आचाऱ्याची कुरकुर, व्याह्यांच्या मानपानाची धास्ती. थोरली काकू पापड तळत होती, आत्या रुसलेल्या पाहुणीची समजूत काढत होती. लग्न आठवडाभर चालायचं आणि घरातल्या बायका पुढे महिनाभर अंग धरून बसायच्या. त्या आईला आज खुर्चीवर बसून मुलीचं लग्न बघता येत असेल, तर मला त्याचं मोल वाटतं.

माझा प्रश्न एवढाच, की त्या आईच्या डोक्यावरचं ओझं उतरलं ते ठेवलं कुठे? ओझं हवेत विरत नाही. ते मांडवाच्या मागच्या बाजूला गेलंय.

तिथे कोण असतं ते आपल्या शहरात तरी सांगायला नको. सोलापुरात हजारो घरांत विड्या वळल्या जातात. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने. पान आणि तंबाखू कमी मिळाला की काम कमी, काम कमी की चूल थंड. त्याच घरांतल्या बायका आणि मुली लग्नसराईत संध्याकाळच्या रोजावर जातात. कुणी पोळ्या लाटायला, कुणी भांडी घासायला, आणि तरुण असेल तर वाढायला. वाढणाऱ्यांना एकाच रंगाच्या साड्या, केसांत गजरा, दाराशी गुलाबपाणी शिंपडायचं काम आणि एक सक्त सूचना: हसतमुख राहायचं.

या हसण्याबद्दल थोडं बोलू. अमेरिकेतल्या समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशिल्ड यांनी विमानातल्या परिचारिकांचा अभ्यास करून १९८३ साली ‘द मॅनेज्ड हार्ट’ हे पुस्तक लिहिलं. हात-पाय मजुरीला लावणं आपल्याला माहीत आहे. इथे भावनाही मजुरीला लागते, आणि ती पगारपत्रकात कुठेच दिसत नाही, असं त्या दाखवतात. आपल्या वाढणाऱ्या मुलीला विमान माहीत नसेल, पण मुद्दा तिला कोणी समजावून सांगायला नको. सात तास उभं राहून टाचा दुखत असताना ‘अजून एक जिलेबी घ्या ना’ हे हसत म्हणणं म्हणजे कामच. आणि वऱ्हाडातला कोणी जास्तच सलगी करू लागला तरी हसू पुसायचं नाही, हेही त्या कामातच धरलेलं.

माझ्या ओळखीच्या एका ताईंनी त्यांच्या रात्रीचं वर्णन केलं ते असं. दुपारी तीनला हजेरी. साडेअकराला शेवटचं ताट. मग भांडी. जेवण त्यानंतर, उभ्याने, जे उरलं असेल ते. कार्यालयात वर-वधू पक्षाच्या खोल्यांना संडास होते, त्यांच्या किल्ल्या पाहुण्यांकडे. कामवाल्या बायकांनी दुपारपासून पाणी पिणंच टाळलं. सोलापूरचा एप्रिल तुम्ही जाणता. रात्री एकला रिक्षा नाही, म्हणून चौघी मिळून चालत घरी. पैसे? ‘पार्टीचं बिल निघालं की.’ ते निघायला तीन आठवडे लागले. त्या कार्यालयाचं नाव मी देत नाही. दुसऱ्या कार्यालयाची तऱ्हा वेगळी असती असं मला वाटतही नाही.

म्हणजे आनंद आहे, स्वस्थताही आहे, फक्त ती मांडवाच्या पुढच्या बाजूला वाटून संपते.

आता त्या दोन फोनवाल्या मुलीकडे येऊ. तिचीही झोप उडालेली असते. या धंद्याचे अभ्यासक्रम निघालेत, त्यांत मन शांत ठेवण्याचे पाठ असतात. दीर्घ श्वास घ्या, ध्यान करा, सकारात्मक राहा. श्वास घेण्याला माझी हरकत नाही. पण तिची धावपळ तिच्या स्वभावातून येतेय का? आदल्या रात्री मुलाचा मामा सांगतो की दोनशे पानं वाढवा. सकाळी सासूबाईंना फुलांचा रंग आवडत नाही. मुहूर्त टळत असतो आणि नवरदेवाची वरात अजून चौकात नाचत असते. ज्याच्या हातात पैसा आणि मान, त्याला शेवटच्या क्षणी काहीही बदलता येतं, आणि तो बदल निमूटपणे पार पाडण्यालाच ‘प्रोफेशनल’ म्हणतात. इथे प्राणायाम काय करणार? हा मानपानाचा जुनाच प्रश्न आहे, फक्त मुलीच्या बापाच्या जागी आता ही मुलगी उभी आहे.

सोलापूरकरांना स्वस्थ समारंभ म्हणजे काय हे बाहेरच्याने शिकवायची गरज नाही. सिद्धेश्वराच्या यात्रेत संक्रांतीच्या सुमारास संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा होतो. सात नंदीध्वज, पांढऱ्या बाराबंदीतले हजारो लोक, तलावाकाठी मुंगीला जागा नाही, आणि तरी सगळं सुरळीत. कारण कोणी काय करायचं हे ठरलेलं असतं. मान ठरलेला, वाट ठरलेली, वेळ ठरलेली. ऐन वेळी कोणाचा मामा येऊन क्रम बदलू शकत नाही. (नंदीध्वज पेलणारे पुरुष, हे आहेच. आणि त्या लग्नातली नवरी, सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी जिचं लग्न लागतं ती कुंभारकन्या. दुसऱ्या दिवशी होम मैदानावर तिचं प्रतिरूप अग्नीला दिलं जातं. श्रद्धेचा मान राखूनही मला ते दरवर्षी बोचतं.)

कमी खर्चाचा आणि कमी धावपळीचा समारंभ हीही आपल्याकडची जुनी गोष्ट. २५ डिसेंबर १८७३ला सत्यशोधक पद्धतीचं पहिलं लग्न लागलं ते भटजीविना आणि डामडौलाविना. त्या लग्नामागे सावित्रीबाई फुले उभ्या होत्या, हे आपण भाषणात सांगतो. पण आपल्याच मुलांच्या लग्नात तो धडा किती जणींनी गिरवला, हे मोजायला गेलं तर संपादकीय फार लांबेल.

हे सगळं आज लिहिण्याचं कारण निकडीचं आहे. आपल्या ओळखीचे काही बचत गट आता या धंद्यात उतरताहेत. कडक भाकरी आणि शेंगा चटणी विकता विकता बारशाची, डोहाळजेवणाची, निवृत्तीच्या समारंभाची कामं मिळू लागली. गेल्या हिवाळ्यात एका गटाने तीनशे पानांचं काम घेतलं, ते मी जवळून पाहिलं.

कामाआधी त्या चार संध्याकाळी बसल्या. पहिल्या दिवशी फक्त एक गोष्ट ठरली: घरमालकांकडून शेवटचा शब्द कोणाचा? एकच नाव मागितलं. त्यांनी सुनेचं नाव दिलं, याचं मला विशेष वाटलं. दुसरं, तीन दिवस आधी यादी बंद. नंतर पानं वाढली तर दर दीडपट, आणि तसं कागदावर सही करून. मामांची संख्या त्यामुळे आपोआप आटोक्यात राहिली! तिसरं, दोन पाळ्या. भाजी चिरणाऱ्या आणि लाटणाऱ्या सहाला सुटणार, वाढणाऱ्या आणि आवरणाऱ्या साडेचारला येणार. चौथ्या मुद्द्यावर बरंच भांडण झालं: आपण आधी जेवायचं. पाहुण्यांच्या आधी अन्नाला हात लावायचा म्हणजे अनेकींच्या पोटात गोळा आला. एक आजी तर म्हणाल्या, ‘आमच्यात असं करत नाहीत.’ शेवटी त्यांनीच तोड काढली. आधी नैवेद्य दाखवायचा, मग आपण बसायचं, मग पाहुणे. त्या दिवशी साडेसहाला सोळा बायका सतरंजीवर पंगत मांडून बसल्या, हुग्गी आणि भरलं वांगं जेवल्या, आणि त्यानंतर जे हसल्या ते कोणी सांगितलं म्हणून नव्हे.

काम निर्विघ्न झालं असं नाही. गॅसची एक टाकी संपली, कोशिंबीर कमी पडली. पण कोणी कोणावर ओरडलं नाही, कारण टाकी बघणं कोणाकडे होतं ते सगळ्यांना माहीत होतं. रात्री साडेदहाला टेम्पो घरापर्यंत सोडायला गेला, आणि रोज त्याच रात्री हातात.

टेम्पोचं भाडं, राखीव दोघींचा रोज, लहान मुलं सांभाळणाऱ्या बाईचा रोज, हे सगळं दरात धरलेलं होतं. म्हणून दर बाजारापेक्षा चढा होता. पुढचं काम त्यामुळेच हातचं गेलं. तेव्हापासून गटात वाद पेटला आहे: दर उतरवायचा का? उतरवायचा तर काय काढायचं, टेम्पो की मुलं सांभाळणारी?

कायदा काय म्हणतो तेही पाहा. लाउडस्पीकर रात्री दहाला बंद करायचा, हा २०००चा नियम मोडला तर पोलीस येतात. महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यानेही बाईला रात्री साडेनऊनंतर कामाला ठेवायचं तर तिची संमती हवी, सुरक्षितता हवी, घरी पोहोचवण्याची सोय हवी, असं ठरवलं. त्यासाठी मांडवात पोलीस आलेले मी पाहिले नाहीत. शिवाय या कायद्याची पकड मोठ्या आस्थापनांवर; चार-सहा बायका घेऊन फिरणारा ठेकेदार त्यातून सहज निसटतो. लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा मात्र रोजंदारीवरच्या बाईलाही लागू आहे, आणि दहापेक्षा कमी माणसं असतील तिथली तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. सलगी करणाऱ्या वऱ्हाड्याचा बंदोबस्त त्या कायद्यात आहे. प्रत्येक गटाने समितीचा पत्ता जिल्हाधिकारी कार्यालयातून आणून भिंतीवर लावावा.

दराच्या वादात माझं मत आधीच सांगते: टेम्पो काढू नये, मुलं सांभाळणारी काढू नये. फुलांची कमान काढावी. गिऱ्हाइकाला दोन दरपत्रकं दाखवावीत, एक कमानीसह आणि एक कमानीविना, आणि दोन्हींत बायकांचा रोज, जेवणाची वेळ आणि परतीची गाडी छापलेली असावी. निवड त्यांनी करावी. आणि आपल्या संघटनांनीही ८ मार्चच्या कार्यक्रमाचं जेवण सांगताना सर्वांत स्वस्त केटरर शोधणं थांबवावं. पहिली चढ्या दराची गिऱ्हाइकं आपणच व्हायला हवं.

पुढच्या अंकात अशा दरपत्रकांसाठी चार पानं राखून ठेवली आहेत. तुमच्या गटाने काय दर लावला, कुठे घासाघीस झाली, कोणतं काम गमावलं, हे आकड्यांसकट लिहून पाठवा. लग्नाच्या तारखा दाट आहेत हे माहीत आहे. पोस्टकार्डावर चार ओळी लिहिल्या तरी चालतील.