विश्लेषण : कॅरॅव्हॅनची गाडी ‘फिट’, पण आतलं घर कोण तपासणार?

डिसेंबर २०२४ मध्ये केरळमधल्या वडकरा इथं महामार्गाच्या कडेला उभ्या असलेल्या कॅरॅव्हॅनमध्ये दोघांचे मृतदेह आढळले. अपघात झाला नव्हता, आगही लागली नव्हती. महाराष्ट्रानं २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणलं असल्यानं या घटनेचा धडा इथंही महत्त्वाचा आहे.

नेमकं काय घडलं?

एसीसाठी गाडीतला जनरेटर सुरू होता. कालिकतच्या एनआयटीमधल्या तज्ज्ञांनी नंतर चाचणी घेतली. जनरेटरमधून निघणारा कार्बन मोनॉक्साइड गाडीच्या तळाला असलेल्या छिद्रातून आत शिरत असल्याचं त्यात समोर आलं. या वायूला रंग नसतो, वासही नसतो. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० हून अधिक पट घट्ट चिकटतो. डोकेदुखी, चक्कर, मळमळ ही त्याची लक्षणं. झोपलेल्या माणसाला मात्र ती जाणवतही नाहीत.

फिटनेस तपासणीत हे कळत नाही?

व्यावसायिक वाहनाला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्र घ्यावं लागतं. त्यात मुख्य भर ब्रेक, स्टीअरिंग, दिवे, धूर यांवर असतो. मोटर कॅरॅव्हॅनसाठी ‘एआयएस-१२४’ हे वेगळं मानक आहे, पण ते गाडीच्या मूळ मान्यतेसाठी. पुढे वायर नेण्यासाठी कुणी तळाला भोक पाडलं किंवा गॅसची नळी सैल झाली, तर ते वेळेवर लक्षात येणं मालकाच्या देखभालीवरच अवलंबून राहतं.

भाड्यानं घेताना काय पाहावं?

• कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे का? बटण दाबून वाजवून पाहा.
• एलपीजी हवेपेक्षा जड असल्यानं गळती झाली की जमिनीलगत साचतो. त्यामुळे त्याचा सेन्सर खाली हवा. नळीच्या जोडांना साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तर गळती आहे.
• टायरची नक्षी चांगली असली तरी गाडी उभी राहून रबर जुनं होतं. टायरवरचे चार आकडे वाचा. ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा.
• छताचे सांधे आणि खिडक्यांच्या कडा पाहा. पावसाचं पाणी मुरलं की प्लायवूड कुजतं आणि वायरिंगलाही धोका पोचतो.

मग उपाय काय?

सर्वात सोपा नियम म्हणजे जनरेटर सुरू ठेवून गाडीत झोपायचं नाही. त्यासाठी मुक्कामाच्या ठिकाणी विजेची जोडणी हवी, म्हणजे जनरेटरची गरजच उरत नाही. त्यामुळे धोरणाचं यश रस्त्यावर किती कॅरॅव्हॅन आल्या एवढ्यावर मोजून चालणार नाही. रात्री प्लग लावता येईल अशी वाहनतळं किती झाली आणि गाडीच्या आतल्या भागाची तपासणी नियमित होते का, हेही विचारावं लागेल.