सत्तरीच्या उंबरठ्यावर स्पेनची सायकलवाट

गेल्या वर्षी जानेवारीत एक निवृत्त शिक्षक सपत्नीक दवाखान्यात आले. गुरुजींचे वय 68. चार वर्षांपूर्वी हृदयाच्या एका रोहिणीत स्टेंट बसवलेला, बारा वर्षांचा मधुमेह आणि उजव्या गुडघ्याची झीज. लेक-जावई माद्रिदला नोकरीनिमित्त असतात. गुरुजी म्हणाले, "एप्रिलमध्ये लेकीकडे जायचं आहे. ती म्हणते, बाबा, तुम्ही तीस वर्षं सायकलवरून शाळेत गेलात, आता आपण अंदालुसियातल्या डोंगरांतून सायकल चालवू. तेवढं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र द्या."

मागे बसलेल्या काकू लगेच म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्ही सरळ नाही म्हणा. माझं हे ऐकत नाहीत."

अशा वेळी डॉक्टरला 'नाही' म्हणणे सर्वांत सोपे असते. परंतु पुष्कळ वृद्धांचे जग अशाच सोप्या नकारांनी एकेका खोलीपुरते आकसत गेलेले मी पाहिले आहे. उलट, भिडेखातर दिलेला होकारही घातक ठरू शकतो. म्हणून मी गुरुजींना विचारले, "कोणत्या वाटेने जाणार?"

या प्रश्नाचे कारण सांगतो. स्पेनच्या ग्रामीण भागातील सायकलवाटा ढोबळमानाने दोन प्रकारच्या आहेत. एक म्हणजे डोंगराच्या अंगावरून जाणाऱ्या अरुंद, दगडगोट्यांच्या पाऊलवाटा. तिथे एकाएकी चढ लागतो, नाडी काही क्षणांत वर जाते, उतारावर तोल सांभाळावा लागतो. स्टेंट बसवलेल्या आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या माणसाने अशा वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पडल्यावर तरुणाला जिथे टेंगूळ येते, तिथे या गोळ्या घेणाऱ्याच्या डोक्यात रक्तस्राव होऊ शकतो.

दुसरा प्रकार 'व्हिया व्हेर्दे', म्हणजे हरितमार्ग. बंद पडलेल्या रेल्वेमार्गांचे रूळ काढून तिथे पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलस्वारांसाठी वाटा करण्याचा कार्यक्रम स्पेनमध्ये 1993 साली सुरू झाला. आज अशा वाटांची एकूण लांबी तीन हजार किलोमीटरहून अधिक आहे. वाफेच्या इंजिनाला तीव्र चढ झेपत नसे. म्हणून त्या काळच्या अभियंत्यांनी डोंगर आडवा आला तर बोगदा खणला, नदी आडवी आली तर पूल बांधला आणि चढ बहुतेक ठिकाणी शंभर मीटरला दोन-तीन मीटरांच्या आत ठेवला. इंजिनासाठी घेतलेली ही काळजी आज साठी ओलांडलेल्या हृदयांच्या आणि गुडघ्यांच्या कामी येते. चढ मंद असल्यामुळे हृदयावरचा भार हळूहळू वाढतो आणि माणसाला थांबायचे केव्हा ते ठरवायला अवधी मिळतो.

खाएन आणि कोर्दोबा प्रांतांतील 'व्हिया व्हेर्दे देल आसेइते', म्हणजे तेलाची हरितवाट, सुमारे 128 किलोमीटर लांब आहे. एके काळी येथून ऑलिव्ह तेल वाहून नेणारी गाडी धावे; 1980च्या दशकात ती बंद झाली. जगात सर्वाधिक ऑलिव्ह तेल खाएन प्रांतात निघते. तिथे क्षितिजापर्यंत ऑलिव्हच्या रांगा दिसतात आणि जुन्या लोखंडी पुलांखालून लहान नद्या वाहतात. उत्तरेकडे कास्तिया प्रदेशात 'कनाल दे कास्तिया' हा 207 किलोमीटरांचा कालवा आहे. गव्हाची वाहतूक करण्यासाठी 1753 ते 1849 या काळात तो बांधला गेला. नावा ओढणारी खेचरे ज्या काठाने चालत, त्या काठाने आज गव्हाच्या शेतांमधून जवळजवळ सपाट सायकल चालवता येते.

गुरुजींच्या मुलीने अखेरीस निवडली ती 'व्हिया व्हेर्दे दे ला सिएरा'. पुएर्तो सेर्रानो आणि ओल्व्हेरा या गावांमधील ही वाट सुमारे 36 किलोमीटरांची आहे. तिच्यावर तीस बोगदे आणि चार मोठे पूल आहेत. हा रेल्वेमार्ग 1920च्या दशकात बांधायला घेतला गेला, पण त्यावरून एकही गाडी कधी धावली नाही. ओल्व्हेरा उंचावर असल्याने तिथून निघाल्यास वाट बहुतांशी उताराची लागते. मी ओल्व्हेराहून निघण्याचा सल्ला दिला.

त्यापूर्वी तपासण्या आवश्यक होत्या. हृदयरोगतज्ज्ञांकडून पट्ट्यावर चालवून घेण्याची चाचणी झाली, ती समाधानकारक आली. क्रिएटिनिन, तीन महिन्यांची सरासरी साखर, डोळे आणि पायांच्या तळव्यांची संवेदना पाहिली. मग बारा आठवडे गुरुजींनी कृष्णाकाठच्या सपाट रस्त्यावर सराव केला. पहिल्या आठवड्यात रोज पंधरा मिनिटे, शेवटी एका वेळी दीड तास. चाचणीत दोष निघाला असता, तर मी प्रमाणपत्र दिले नसते. हे मी पहिल्याच दिवशी दोघांनाही सांगितले होते.

त्यांना दिलेल्या सूचना वाचकांनाही उपयोगी पडतील, मग सायकल ग्वादालेते नदीच्या खोऱ्यात चालवायची असो की आपल्या गावच्या बंधाऱ्यावर.

हृदयाचा वेग कमी ठेवणाऱ्या बीटा-ब्लॉकर गोळ्या चालू असतील, तर नाडी मोजून श्रमाचा अंदाज येत नाही. त्याऐवजी बोलून पाहावे. सायकल चालवताना पूर्ण वाक्य न अडखळता बोलता आले तर वेग योग्य. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर उतरावे. छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, थंड घाम यांपैकी काहीही झाले तर जागीच बसावे आणि मदत मागवावी. स्पेनमध्ये आपत्कालीन क्रमांक 112 आहे.

साखर कमी होण्याचा धोका तिथे वेगळ्या कारणाने वाढतो. स्पेनमध्ये दुपारचे जेवण दोन-अडीचच्या पुढे आणि रात्रीचे नऊनंतर असते. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने सकाळी नेहमीची मात्रा घेऊन श्रम केले आणि जेवण लांबले, तर दुपारी बारा-एकलाच हातपाय थरथरू शकतात. श्रमाच्या दिवसाची मात्रा निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांशी ठरवावी. खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे आणि दर तासाला थोडे खावे.

बोगद्यात शिरताना उतरावे. उन्हातून अंधारात गेल्यावर वृद्ध डोळ्यांना सरावायला तरुणांहून अधिक वेळ लागतो. मोतीबिंदू किंवा काचबिंदू असल्यास त्याहून अधिक. या वाटेवर सुमारे एक किलोमीटर लांबीचाही बोगदा आहे. सायकलला दिवा हवाच. शिरस्त्राण सर्वत्र घालावे.

सायकलचे आसन असे ठेवावे, की पॅडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील. आसन बुटके असले की गुडघ्याच्या वाटीवर दाब येतो. बॅटरीवर साहाय्य करणारी सायकल घेण्यात कमीपणा मानू नये. पाय तिथेही हलवावेच लागतात. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन घेणाऱ्यांनी सायकलवरून उतरल्यावर क्षणभर धरून उभे राहावे, कारण एकदम रक्तदाब उतरून चक्कर येऊ शकते. जुलै-ऑगस्टमध्ये अंदालुसियात पारा चाळिशीला जातो. तो काळ टाळून एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर निवडावा. प्रवासविमा घेताना पूर्वीचे आजार त्यात धरले आहेत का, हे लेखी तपासावे.

आता वेदनाशामकांविषयी. या वाटेवर साफ्रामागोन नावाचा मोठा सुळका आहे आणि त्यावर गिधाडांची मोठी वसाहत आहे. आपल्याकडची गिधाडे 1990च्या दशकात झपाट्याने नाहीशी झाली. डायक्लोफिनॅक दिलेल्या जनावरांचे मृत मांस खाऊन त्यांची मूत्रपिंडे निकामी होत होती. भारताने 2006 साली या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली. माणसाचे मूत्रपिंड गिधाडाएवढे नाजूक नसते. तरी रक्तदाबाची काही औषधे आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असताना, घाम जाऊन शरीर कोरडे पडले असताना डायक्लोफिनॅक किंवा तत्सम गोळी घेतल्यास मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. हृदयरोग्यांनी डायक्लोफिनॅक टाळावेच. गुरुजींच्या पिशवीत गुडघ्यासाठी हीच गोळी होती, कोणीतरी शेजाऱ्याने दिलेली. ती मी काढून ठेवली. त्याऐवजी ठरावीक मात्रेत पॅरासिटामॉल, गार शेक आणि विश्रांती सुचवली.

काकूंशीही एक करार झाला. वाटेच्या मध्यावर, थोडे पुढे, कोरिपेचे जुने स्थानक आहे. काकू जावयासोबत मोटारीने तिथे थांबणार आणि पुढे जायचे की नाही, हे ठरवताना त्यांचे मत मोजले जाणार. "काळजी करायची, पण ठरवायचं काहीच नाही, याचाच मला जास्त त्रास होतो," असे त्या म्हणाल्या होत्या. रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्या किती जणांच्या मनातले हे वाक्य असेल!

मे महिन्यात दोघे परत आले. गुरुजी कोरिपेपर्यंत पोहोचले. तिथे त्यांच्या गुडघ्याला सूज दिसली. पुढची वाट उताराचीच होती, मुलगी आग्रह करीत होती. काकू काही बोलण्यापूर्वीच गुरुजींनी सायकल मोटारीवर बांधायला सांगितली.

"पूर्ण झाली नाही, डॉक्टर," ते काहीसे ओशाळून म्हणाले.

मी त्यांच्या गुडघ्याला हात लावून पाहिला. सूज उतरली होती. रक्तदाब उत्तम होता. काकूंनी पर्समधून एक छायाचित्र काढले: सुळक्यावर घिरट्या घालणारी गिधाडे आणि खाली सायकल धरून वर पाहत उभे असलेले गुरुजी.

"ऑक्टोबरमध्ये उरलेली करू म्हणतात," काकू म्हणाल्या. "तपासणी कधी करायची ते सांगा. या वेळी मीपण सराव करणार आहे."